सेकोंडी-ताकोराडी

घानाच्या पश्चिम विभागातील जोडशहर व बंदर. गिनीच्या आखाताच्या किनाऱ्यावर, राजधानी आक्राच्या पश्चिमेस सुमारे सव्वादोनशे किमी. अंतरावर ते वसले आहे. सेकोंडी हे जुने शहर विभागाचे प्रशासकीय केंद्र आहे. त्याच्या नैर्ऋत्येस असलेले ताकोराडी हे बंदराचे व उद्योगांचे शहर. दोन्हींचा कारभार १९४६ मध्ये एकत्र करण्यात आला. येथील मूळ रहिवासी अहान्ता लोक असले, तरी बाजारात आणि गोदीत फान्ते भाषा सर्वत्र चालते.

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज या दोघांनीही सेकोंडीत किल्ले बांधले. एकाच छोट्या उपसागरावर दोन प्रतिस्पर्धी व्यापारी सत्ता नांदत असल्याने स्थानिक राज्येही त्यांच्या भांडणांत ओढली गेली. डचांचा फोर्ट ऑरेंज अजून उभा आहे व दीपगृह म्हणून वापरात आहे. १८७२ मध्ये डचांनी या किनाऱ्यावरील आपली सर्व ठाणी ब्रिटिशांच्या हवाली केली.

गावाचे शहर झाले ते रेल्वेमुळे. सेकोंडीहून १८९८ मध्ये लोहमार्गाचे काम सुरू झाले. १९०१ मध्ये तो तार्क्वाच्या सोन्याच्या खाणींपर्यंत आणि १९०३ मध्ये देशाच्या आतल्या भागातील कुमासी शहरापर्यंत पोहोचला. या मार्गाची आखणी पाहिली की वसाहतीच्या राज्यकर्त्यांचा हेतू स्पष्ट दिसतो : खाण आणि जंगल एका टोकाला, समुद्र दुसऱ्या टोकाला. देशातील गावे एकमेकांशी जोडणे हा त्यामागचा मुख्य विचार नव्हता. तरीही रेल्वेच्या कार्यशाळांमुळे फिटर, लोहार, इंजिनचालक अशा कुशल कामगारांची मोठी वस्ती येथे झाली. शहराची पुढची ओळख याच लोकांनी घडवली.

रेल्वे आली तरी माल जहाजावर चढवण्याची रीत जुनीच होती. या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे जवळजवळ नाहीत आणि वर्षभर मोठ्या लाटा फुटत असतात. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत व मधले अंतर होड्यांनी कापावे लागे. होडीच्या दोन्ही काठांवर बसलेले वल्हेकरी त्रिशूळासारख्या पात्याची आखूड वल्ही एका तालात मारत, लाट फुटण्याआधीची नेमकी वेळ साधत आणि कोकोची पोती भिजू न देता पलीकडे नेत. प्रवाशांना जहाजावरून होडीत उतरवण्यासाठी लाकडी पेटीवजा खुर्ची असे, ती यारीने खाली सोडत. लाकडाचे ओंडके पाण्यातून ओढून नेत. असामान्य कौशल्याचे आणि जिवावरचे हे काम होते. पण १९१४ मध्ये न्सुटा येथे मँगनीजचे साठे सापडल्यावर इतके जड खनिज अशा रीतीने हलवणे परवडेनासे झाले.

गव्हर्नर गॉर्डन गगिसबर्ग (कार्यकाल १९१९–२७) हा पेशाने लष्करी अभियंता होता. त्याच्या विकास योजनेत खोल पाण्याच्या बंदराला अग्रक्रम मिळाला. सेकोंडीऐवजी ताकोराडीची निवड झाली. दोन लांब लाटरोधक भिंती घालून आतील पाणी शांत करण्यात आले आणि १९२८ मध्ये बंदर सुरू झाले. तेथील मूळ मच्छीमार वस्ती हलवून ‘न्यू ताकोराडी’ वसवली गेली. बंदराच्या इतिहासात या विस्थापनाचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. तो तसा उरकू नये. बंदरालगत उभे राहिलेले ताकोराडी शहर मात्र आखीव होते व त्याच्या मध्यभागी ‘मार्केट सर्कल’ हा वर्तुळाकार बाजार होता. त्याची पुनर्बांधणी अलीकडच्या काळात हाती घेण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात इटली उतरल्यावर भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्याचा झाला. सप्टेंबर १९४० पासून ब्रिटनमधून खोक्यांत भरून आलेली लढाऊ विमाने ताकोराडीत जोडली जाऊ लागली. तेथून ती लागोस, कानो, खार्तूममार्गे सुमारे सहा हजार किमी. उडत कैरोला जात. उत्तर आफ्रिकेतील लढाईला या मार्गाने हजारो विमाने पुरवली. याच काळात देशाच्या आतल्या भागातील अवासो येथील खाणींचे बॉक्साइटही (अ‍ॅल्युमिनियमचे खनिज) या बंदरातून बाहेर पडू लागले.

रेल्वे आणि गोदी कामगारांच्या संघटना स्वातंत्र्यलढ्यात आघाडीवर होत्या. १९५० मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे नेते व पुढे घानाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा यांच्या ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’ या संप व असहकाराच्या आंदोलनाला येथून भक्कम पाठबळ मिळाले. स्वातंत्र्यानंतर हेच कामगार त्यांच्याच सरकारविरुद्ध उभे राहिले. १९६१ च्या अर्थसंकल्पात पगारातून सक्तीची बचत कापण्याची तरतूद होती. सप्टेंबरमध्ये रेल्वे व बंदर ठप्प झाले. बाजारातील विक्रेत्या बायकांनी संपकऱ्यांना मोफत जेवण पुरवले. सरकारने शहरात आणीबाणी लागू केली, पुढाऱ्यांना अटक केली आणि संप मोडला. स्वतंत्र आफ्रिकेत कामगारांनी आपल्याच नेत्यांना जाब विचारल्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रसंगांपैकी हा एक. शहराच्या इतिहासात त्याला बंदराच्या उद्घाटनाइतकेच महत्त्व दिले पाहिजे.

१९६२ मध्ये आक्राजवळ तेमा बंदर सुरू झाले आणि आयातीचा मोठा भाग तिकडे गेला. ताकोराडीकडे मुख्यतः निर्यात उरली : मँगनीज, बॉक्साइट, लाकूड, कोको. पुढील दशकांत देखभालीअभावी रेल्वे खिळखिळी झाली. जे खनिज वाघिणींतून यायचे ते ट्रकमधून येऊ लागले, त्याने रस्त्यांवर ताण आला आणि रेल्वे कामगारांच्या वस्त्यांना उतरती कळा लागली.

२००७ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ६० किमी. अंतरावर समुद्रात ‘ज्युबिली’ तेलक्षेत्र सापडले व डिसेंबर २०१० मध्ये उत्पादन सुरू झाले. ताकोराडी ‘ऑइल सिटी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तेलफलाटांना रसद पुरवणारी जहाजे येथूनच निघतात. नायजेरियातून येणारी पश्चिम आफ्रिकी वायुवाहिनीही येथेच संपते व जवळच्या अबोआझे येथे औष्णिक वीज केंद्र आहे. घरभाडी झपाट्याने वाढली. तेलक्षेत्रातील नोकऱ्या मात्र स्थानिक तरुणांना अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळाल्या, कारण त्या कामाला लागणारे प्रशिक्षण शहरात आधीपासून उपलब्ध नव्हते. तेलफलाटांभोवतीच्या प्रतिबंधित क्षेत्रात जाळी टाकता येत नाहीत, ही सेकोंडीच्या मच्छीमारांची तक्रार आहे. बंदराचा विस्तार करून लाटरोधक भिंत लांबवण्यात आली आणि जुन्या अरुंद मार्गाच्या जागी प्रमाण रुंदीचा लोहमार्ग टाकण्याचे काम हाती घेण्यात आले.

नाताळच्या दिवसांत निघणाऱ्या, पितळी वाद्यांच्या तालावर नाचणाऱ्या मुखवटाधारी ‘अंकोस’ मंडळ्यांसाठी शहर प्रसिद्ध आहे. एसिपोंग येथील मैदानावर २००८ च्या आफ्रिकी राष्ट्रचषकाचे सामने झाले. सेकोंडीचा हासाकास लेडीज हा संघ २०२१ मध्ये आफ्रिकी महिला चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच स्पर्धेत उपविजेता ठरला.