हाफ क्लचवर धरलेली गाडी म्हणजे चालू ठेवलेला गिझर

मागच्या मे महिन्यात चाळीसगावकडून संभाजीनगरला येताना कन्नडच्या घाटात अडकलो. वर कुठंतरी ट्रक बंद पडलेला, रांग हलेना, गाडी दाजी चालवत होते. दोन फूट पुढं, थांब, परत दोन फूट. थांबलं की दाजी ब्रेक लावायचेच नाहीत, क्लच अर्धा सोडायचा, थोडी रेस द्यायची आणि गाडी चढावर तिथल्या तिथं तोलून धरायची, हात इतका बसलेला की गाडी इंचभर मागं येत नव्हती. अर्ध्या तासानं वास यायला लागला, जळक्या कागदासारखा उग्र. मी म्हणलं, "दाजी, हँडब्रेक लावा की, क्लच जळायलाय." ते म्हणाले, "आपला नाही रे, ट्रकच्या ब्रेकचा असंल." घाटात तसाही वास येतो, त्यामुळं त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण हा आपलाच होता. दोन महिन्यांत गाडी ओव्हरटेकला रेस घ्यायची पण पळंना, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा वर जातोय आणि स्पीड तिथंच. शेवटी सगळा क्लच सेट बदलावा लागला.

हे कशानं होतं ते नीट समजून घ्यायला पाहिजे. इंजिन साधारण मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या खाली चालतच नाही, बंद पडतं. चाक मात्र सिग्नलला शून्यावर असतं. ह्या दोघांची गाठ घालून देणारा तो क्लच. इंजिनाच्या बाजूला फिरणारं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, त्याच्यावर प्रेशर प्लेटनं दाबून धरलेली क्लच प्लेट, आणि तिथून पुढं गिअर बॉक्स. पाय पूर्ण काढला की दोघं एकत्र फिरतात, घासणं नाही म्हणून उष्णताही नाही. पाय पूर्ण दाबला तर दोघं सुटे, तेव्हाही उष्णता नाही. गोची आहे ती मधल्या जागेत, म्हणजे हाफ क्लचवर, तिथं दोघं एकमेकांवर घासत राहतात.

आता आकडे बघा. गाडी एक टनाची धरा आणि चढ दहा फुटाला एक फूट. तिला मागं घसरू न द्यायला चाकाशी शंभरेक किलोचा जोर लागतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण १५ पट फिरतं, त्या हिशोबानं हा जोर क्लचपाशी बराच कमी होतो, पण तिथं एक बाजू १२०० आरपीएमनं फिरतीय आणि दुसरी जागेवर उभी. गुणाकार केला की दोन किलोवॅटच्या वर उष्णता निघते. बाथरूमातला गिझर साधारण एवढाच असतो! तो पाणी तापवतो, इथं एका ताटलीएवढ्या प्लेटवर सगळं येतंय, तेही बंद डब्यात, आणि बाहेर आपल्याकडं ४२ डिग्री.

थांबलेली गाडी उठवताना थोडी उष्णता होणारच, ती कुणाला टळत नाही. गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते साधारण तेवढीच क्लचमध्ये जळून जाते. पण ताशी १० किलोमीटरपर्यंत उठायला ती चार किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे लिटरभर पाणी एखाद्या डिग्रीनं तापेल एवढीच. अर्धा मिनिट चढावर धरून ठेवलं तर सत्तर किलोज्यूलच्या घरात जाते, म्हणजे सतरा-अठरा वेळा गाडी उठवल्यासारखं. म्हणून घाटात हँडब्रेक लावा, पुढची गाडी चांगली दहा फूट सरकू द्या आणि मग एकदाच उठा.

एएमटीवाल्यांनी, म्हणजे क्लच-गिअर मशीनच सांभाळतं अशा गाडीवाल्यांनी, तर हे जास्त लक्षात ठेवावं. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत एएमटी आली तेव्हापासून आपल्याकडं भरपूर लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत तीच क्लच प्लेट आणि तोच गिअर बॉक्स, फक्त पायाचं काम मशीन करतंय. चढावर नुसत्या रेसवर गाडी धरली की जळणार तेच.

क्लच सरकायला लागलाय का हे घरी बघता येतं. मोकळी सपाट जागा, पुढं कुणी उभं नाही, हँडब्रेक घट्ट, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन धक्का देऊन बंद पडलं तर पकड चांगली, चालूच राहिलं तर प्लेट सरकतीय. एकदाच करा, ह्यातही ती तापते.

आवाजाचं पण तसंच. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा. क्लच दाबल्यावर आवाज येतोय तर बहुतेक रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं), आणि पाय काढल्यावर येतोय, दाबला की थांबतोय, तर आवाज गिअर बॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त, कारण दाबल्यावर आतला शाफ्ट थांबतो. गिअर टाकताना एकाच गिअरला कर्रर्र होतंय तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडायच्या आधी वेग जुळवणारं कडं) झिजली, सगळ्यांनाच होतंय तर क्लच पूर्ण सुटत नाही. मिस्त्रीला एवढं सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं, उगाच सगळं खोलून बसत नाही.

ही सिंक्रो रिंग बहुतेक पितळेची असते, म्हणून ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाकावं. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो, जीएल-४ सांगितलं असताना जास्त भारी म्हणून जीएल-५ टाकायचं नाही, त्यातली काही गंधकाची रसायनं पितळ खातात. गिअर ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, त्यामुळं पातळी कमी झाली म्हणजे कुठून तरी गळतंय हे नक्की समजा.

आता पावसाळ्याचं, जे आपल्या गावाकडं फार घडतं. फरशी पुलावरून पाणी वाहतंय, गाडी तीस-चाळीस किलोमीटर पळून आलेली, गिअर बॉक्स गरम, आणि तशीच पाण्यात घातली. गिअर बॉक्सला वर एक बारीक श्वासाची नळी असते. गार पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि नळी बुडालेली असेल तर तिच्यातून पाणीच आत ओढलं जातं. मुळात वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, त्यात माणसं जातात. पण कधी साचलेल्या पाण्यातून गेलीच तर नंतर ऑइल थोडं काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, गाडी बरी चालत असली तरी लगेच बदला, नाहीतर बेअरिंग आतून गंजतात.

खरी ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लच प्लेटच्या जागी ऑइलमधून जोर पुढं देणारी), असेल तर बहुतेकांचं ऑइल नवं असताना लाल असतं. काळपट झालं, जळका वास आला, किंवा डी (पुढं जायचा गिअर) टाकल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबून मग धक्क्यानं निघाली, तर वाट बघू नका. आणि अशी गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढत न्यायची नाही. तिचा ऑइल पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत ऑइल फिरत नाही आणि चाकं मात्र गिअर बॉक्स फिरवत राहतात. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची चाकं उचलूनच न्यावी, किंवा सरळ टेम्पोत चढवावी.