ब्रिटनमध्ये क्रीडा पत्रकारिता शिकायचीय? ऑफर लेटरच्या आधी जन्मदाखला बाहेर काढा

दरवर्षी जून-जुलैत फोन सुरू होतात. मुलाला किंवा मुलीला ब्रिटनमधल्या विद्यापीठात क्रीडा पत्रकारितेला प्रवेश मिळालेला असतो, घरात पेढे वाटून झालेले असतात आणि व्हिसाच्या कागदांपाशी सगळं अडलेलं असतं. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते इथलंच काहीतरी: पतसंस्थेतली ठेव, जन्मदाखल्यावरचा रिकामा रकाना, काकांच्या खात्यातले पैसे. इंग्रजीत किंवा गुणांत अडलेली मुलं मी फार थोडी पाहिली. म्हणून पात्रता थोडक्यात सांगते आणि जिथे मुलं अडकतात तिथे जास्त थांबते.

बारावीनंतर पदवीला जाता येतं, इथली पदवी झाली असेल तर एका वर्षाच्या एमएला. पदवीचा अर्ज यूकास या सामायिक पोर्टलवरून होतो आणि त्यात पाच पर्याय देता येतात. एमएला बहुतेक ठिकाणी थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. लंडनच्या ट्विकनहॅममधलं सेंट मेरीज, ब्रायटन, संडरलंड ही या विषयातली ओळखीची नावं. अभ्यासक्रम बंद होतात, नावं बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं पान स्वतः उघडून पाहा. नुसतं ‘स्पोर्ट्स’ हा शब्द वाचून निवडू नका. ‘स्पोर्ट्स मीडिया’मध्ये चित्रीकरण, प्रसारण, क्लबांसाठीची प्रसिद्धी यांवर भर असू शकतो. बातमीदारीच करायची असेल तर अभ्यासक्रमाला एनसीटीजेची मान्यता आहे का ते बघा. पत्रकारांच्या प्रशिक्षणासाठीची ही तिथली परिषद १९५१ पासून आहे आणि संपादक नोकरी देताना तिची पदविका विचारतात. त्यात शिकवला जाणारा माध्यम कायदा मात्र ब्रिटनचा असतो. परत येऊन इथे काम करायचं असेल तर आपला कायदा पुन्हा शिकावा लागेल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

यूकासची जानेवारीच्या मध्यातली तारीख पाहून दरवर्षी कितीतरी जण हात वर करतात, ‘यंदाचं गेलं’ म्हणतात. ती तारीख शेवटची नसते. तोपर्यंत आलेल्या सगळ्या अर्जांचा सारखा विचार होईल, एवढाच तिचा अर्थ. जागा असतील तर ३० जूनपर्यंत नेहमीसारखा अर्ज चालतो, त्यानंतर उरलेल्या जागा भरण्याची क्लिअरिंगची फेरी असते. ज्या तारखेकडे कुणी बघत नाही ती खरी निर्णायक असते: शुल्काची आगाऊ रक्कम भरून कॅस मागण्याची विद्यापीठाची मुदत. कॅस म्हणजे विद्यापीठाने तुमच्या नावे काढलेला क्रमांक, त्याच्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही. ही मुदत ऑफरच्या ईमेलमध्ये कुठेतरी खाली लिहिलेली असते. ती शोधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

आता पैसे. पहिल्या वर्षाच्या शुल्कातली भरायची राहिलेली रक्कम अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढे पैसे दाखवावे लागतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. म्हणजे नऊ महिन्यांचे लंडनला १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड. आकडे बदलत राहतात, अर्जाच्या दिवशी लागू असलेला आकडाच घ्या. रुपयातली रक्कम ओआंडा या चलनदर देणाऱ्या संकेतस्थळाच्या अर्जाच्या दिवशीच्या दराने मोजतात. पौंड दोन रुपयांनी वर गेला तरी हिशेब कोलमडतो. पाच-सात टक्के जास्तीचे ठेवा, काठावर राहू नका.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्ज भरण्याच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. ‘सलग’चा अर्थ एकही दिवस कमी नाही. साताऱ्याकडच्या एका मुलाचं स्टेटमेंट माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. एकोणिसाव्या दिवशी वडिलांच्या विम्याचा हप्ता खात्यातून आपोआप वळता झाला. शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली, तीही जेमतेम सहाशे रुपयांनी. तिसऱ्या दिवशी वडिलांनी पैसे भरले. व्हिसा नाकारला गेला. वडील मला पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘पैसे तर होते ना आमच्याकडे?’ होते. पण तपासणारा माणूस कुटुंबाची ऐपत बघत नाही, तो रोजच्या शिल्लकेचा रकाना बघतो. नकारानंतर फेरतपासणी मागता येते, पण त्यात नवा कागद जोडता येत नाही. नवा अर्ज, नवी फी आणि पुन्हा २८ दिवस. म्हणून ज्या खात्यातून विजेचं बिल, हप्ते, यूपीआय असं काहीही जातं ते खातं यासाठी वापरूच नका. वेगळं खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा.

पैसे कोणत्या स्वरूपात हवेत, यावर आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. शेतजमिनीचा सातबारा, घराचं मूल्यांकन, सोनं, शेअर, भविष्य निर्वाह निधी यांतलं काहीही चालत नाही. लगेच काढता येणारे पैसे लागतात. मुदत ठेव चालते, मोडता येत असेल तर. पतसंस्थेतली ठेव चालेल असं गृहीत धरू नका. पैसे ठेवणारी संस्था बँकिंग नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. आपल्या पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली येत नाहीत. गावाकडे आयुष्यभराची पुंजी पतसंस्थेत ठेवणारी कितीतरी कुटुंबं आहेत आणि त्यांना हे ऑगस्टमध्ये कळतं. तोवर ठेव मोडून पैसे बँकेत आणायला आणि पुढचे २८ दिवस मोजायला वेळच उरलेला नसतो. मार्चमध्येच हलवा.

कुणाचे पैसे चालतात? विद्यार्थ्याचे स्वतःचे, आई-वडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे. काकांचे, मामाचे, मोठ्या भावाचे, लंडनला राहणाऱ्या आत्याचे नाही. आत्या घरात ठेवून घेणार असली, खाऊपिऊ घालणार असली तरीही नाही. त्यांना मदत करायची असेल तर रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात यावी आणि तिथे २८ दिवस राहावी.

आई-वडिलांचे पैसे दाखवायचे तर दोन कागद लागतात: त्यांचं संमतिपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला. इथे अक्षरशः निम्मी मुलं थांबतात. दाखला घरात सापडतो, प्लास्टिकच्या पिशवीत, लसीकरणाच्या कार्डाबरोबर. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का असतो, वडिलांचं नाव असतं, आईचं नुसतं पहिलं नाव असतं आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर सगळं चालून गेलं, म्हणून अठरा वर्षं कुणाचं अडलं नाही.

आपल्या नियमाप्रमाणे बाळाचं नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमचं मूल अठराचं आहे, म्हणजे मुदत उलटून गेली. राज्य सरकारने ही मुदत वेळोवेळी वाढवून दिली आहे, त्यामुळे तुमच्या निबंधकाकडे आत्ता काय लागू आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. ‘साहेब रजेवर आहेत’, ‘रजिस्टर तालुक्याला आहे’ हे ऐकायची तयारी ठेवा. मूल जन्मलं त्याच गावच्या कार्यालयात हे काम होतं, तुम्ही आज राहता तिथे नाही. बाळंतपण आजोळी झालेलं असतं, म्हणून पुण्यातली माणसं परभणीला खेपा घालतात. हे बदलायला हवं, पण तोवर खेपांना पर्याय नाही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र त्या दाखल्याची जागा घेत नाही. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘हा माझाच मुलगा आहे’ असं लिहून आणलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तो कागद परत देताना फार वाईट वाटतं.

आईच्या खात्यातले पैसे असतील तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, खात्यावर सासरचं. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मराठीतला प्रत्येक कागद प्रमाणित भाषांतरासह द्यावा लागतो. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘भाषांतर मूळ कागदाशी जुळतं’ हे वाक्य हवं.

यातून सुटायची एक सरळ वाट आहे आणि ती फार कमी जणांना कुणी सांगतं. पैसे विद्यार्थ्याच्याच नावावरच्या खात्यात, किंवा विद्यार्थ्याचं नाव असलेल्या संयुक्त खात्यात ठेवा. मग जन्मदाखला आणि संमतिपत्र दोन्हींची गरज राहत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात खातं उघडा.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांचं बंधन नाही. पण मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं आणि व्हिसा मिळण्यापलीकडे त्यात दुसरी अट नको. आपल्या शाखांमधून येणाऱ्या पत्रात सर्रास ‘गहाणखत पूर्ण झाल्यावर’ असं वाक्य असतं. त्या एका वाक्याने पत्र बाद होतं. शाखाधिकाऱ्याला भेटून, गहाणखत आधी पूर्ण करून, नवं पत्र घ्या.

‘महिनाभर खात्यात पैसे ठेवून देतो, एवढं व्याज द्या’ म्हणणारे एजंट प्रत्येक शहरात आहेत. हात जोडून सांगते, त्या वाटेला जाऊ नका. बँकेकडे पडताळणी होते, आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही. तेव्हा एजंट फोनही उचलत नाही.

शिष्यवृत्तीबद्दल नेहमी विचारतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. बारावीनंतरच्या पदवीला ती नाही. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं ही तिची अट आपल्या विषयात बोचते, कारण क्रीडा पत्रकारितेसाठी नावाजलेली बरीच विद्यापीठं त्या यादीत बसत नाहीत. शेफील्ड किंवा कार्डिफसारख्या ठिकाणी पत्रकारितेचं एमए करून खेळाकडे वळणं, हा मार्ग अशा मुलांनी पाहावा. क्रमवारी आणि अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या.

नावाबद्दल थोडं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव; आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम वेगळा. यूकास, आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, बँक खातं सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. कॅस आल्यावर एकेक अक्षर जुळवून पाहा आणि चूक असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या. आयईएल्ट्स देण्याआधी कोणता प्रकार हवा ते विद्यापीठाला लेखी विचारा. साधी ॲकॅडमिक परीक्षा चालत असताना जास्त पैसे भरून ब्रिटिश व्हिसासाठीची ‘यूकेव्हीआय’वाली दिलेली मुलं दरवर्षी भेटतात.

अर्जातल्या स्वतःबद्दलच्या लिखाणात ‘मला लहानपणापासून क्रिकेटचं वेड आहे’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. तालुक्याच्या मैदानावर जा, एक सामना पाहा, त्याचं वार्तांकन करा आणि त्याबद्दल लिहा. सांगलीच्या एका मुलीने खो-खोच्या सामन्यावर लिहिलं होतं, शेवटच्या दीड मिनिटात खांबाजवळ बाद झालेल्या गड्याबद्दल. मुलाखतीत तिला अर्धा वेळ खो-खोच समजावून सांगायला लावलं.

आणि आता जे या शाखेच्या मुलांना खास लागू आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पदवी आणि एमएच्या मुलांना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार अजिबात नाही. फ्रीलान्सिंग म्हणजे स्वयंरोजगार. इथल्या दैनिकाला तिथून मानधनावर सामन्याच्या बातम्या पाठवणं, यूट्यूब चॅनेलवर जाहिरातीचे पैसे घेणं, दोन्ही त्यात येतं. अभ्यासक्रमाचाच भाग असलेला प्रत्यक्ष कामाचा अनुभव चालतो. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही, आणि ही व्याख्या फार रुंद आहे. गेल्या दोन वर्षांत सतरा वर्षांखालील किंवा त्यापुढच्या गटात राज्याकडून खेळला असाल, तरी तुम्ही त्यात मोडू शकता, पैसे मिळोत न मिळोत. आपल्याकडून जाणारी यातली बरीच मुलं राज्य पातळीवर खेळलेली असतात. तिथल्या क्लबकडून रविवारी खेळण्याआधी किंवा मुलांना शिकवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

बाकीचं सरळ आहे. क्षयाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा. घरच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही आणि प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, व्हिसा नाकारला गेला तर तो परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. व्हिसाचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.