महाधमनीतील गुठळीमुळे होणारा पक्षाघात

हृदयातून निघालेली महाधमनी छातीत वर चढून कमानीसारखी वळते आणि खाली उतरते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या या कमानीतूनच फुटतात. वय, तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह यांमुळे कमानीच्या आतून चरबीचे थर साचतात. थर फाटला की त्यावर गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो.

पक्षाघाताच्या रुग्णाचे हृदय आणि मानेच्या धमन्या तपासल्या जातात. मधली कमान मात्र अनेकदा राहून जाते. पिएर अमारेंको यांच्या फ्रेंच गटाने १९९४ मध्ये साठीपुढच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड थर पक्षाघात झालेल्यांपैकी १४.४ टक्के, तर न झालेल्यांपैकी २ टक्के लोकांत आढळले. ४ मिलिमीटरची मर्यादा तेव्हापासून रूढ आहे. थराला लागून हलती गुठळी दिसली, तर धोका अधिक मानतात.

निदानासाठी अन्ननलिकेत नळी घालून केलेली इको (ध्वनिलहरींनी चित्र घेणारी) तपासणी सर्वांत उपयोगी. महाधमनी अन्ननलिकेला खेटून असल्याने चित्र स्पष्ट येते. फक्त कमानीच्या सुरुवातीचा थोडा भाग श्वासनलिकेतील हवेआड लपतो. नळी गिळणे शक्य नसेल, तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रण) करतात. कमानीपलीकडचा थरही निर्दोष धरता येत नाही. महाधमनी ताठर झालेली असल्यास दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त काही अंतर उलटे वाहते आणि तिथली गुठळी मेंदूकडे जाऊ शकते.

झटका आल्यावरचे तातडीचे उपचार नेहमीचेच: सीटी स्कॅनने रक्तस्राव नसल्याची खात्री, पात्र रुग्णाला साधारण साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, मोठी वाहिनी बंद असल्यास नळी घालून गुठळी काढणे. मात्र छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ असेल, दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असेल, तर महाधमनीची भिंतच चिरली नाही ना, हे आधी पाहावे लागते. तशा स्थितीत हे इंजेक्शन जीवघेणे ठरू शकते.

पुढचा झटका टाळण्याचा पुरावा निदानाइतका भक्कम नाही. २०१४ च्या 'आर्च' चाचणीत अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही रक्तातील बिंबाणू एकत्र चिकटू न देणारी जोडी आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध यांची तुलना झाली. जोडी घेणाऱ्यांत झटके व इतर रक्तवाहिन्यांच्या घटना ७.६ टक्के, वॉर्फरिनवाल्यांत ११.३ टक्के. पण रुग्ण अपुरे असल्याने निर्णायक निष्कर्ष निघाला नाही. त्यामुळे सहसा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे), रक्तदाबावर ताबा आणि तंबाखूबंदी यांवर भर असतो. हलती गुठळी असल्यास वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे काही काळ देऊन पुन्हा चित्र घेतात. शस्त्रक्रियेने थर खरवडण्यात पक्षाघाताचाच धोका असल्याने ती क्वचितच करतात.