दोष एकट्या रश्श्याचा नाही

कोल्हापुरात कुणाला हार्ट अटॅक आला की बोट आधी तांबड्या रश्श्याकडे जातं, मग मटणाकडे, मग तंबाखूकडे. संशय अगदीच चुकीचा नाही. पण त्यातून एक कोडं सुटत नाही. कोलेस्टेरॉल रक्तातून अंगभर सारखंच फिरतं, तंबाखूतली द्रव्यंही तशीच. मग चरबीचा थर ठरावीक जागीच का धरतो? मानेतली कॅरॉटिड धमनी जिथे दुभंगते तिथे, हृदयाच्या धमन्यांना फाटे फुटतात तिथे, महाधमनीच्या कमानीच्या आतल्या बाजूला. आणि त्याच माणसाच्या धमनीचा शेजारचा सरळ भाग पुष्कळदा स्वच्छ असतो.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डोनाल्ड फ्राय यांनी दाखवलं की रक्ताचा झोत फार जोराचा असेल तर धमनीच्या अस्तराला इजा होते. त्यावरून रोगाची सुरुवातही जोराच्या घर्षणातूनच होत असावी, असं वाटणं साहजिक होतं. १९६९ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलटं सांगितलं: सुरुवातीचे डाग जिथे घर्षण कमी आहे तिथेच दिसतात. पुढच्या संशोधनाचा कौल बहुतांशी कॅरोंच्या बाजूने पडला.

इथे आपल्याला पंचगंगा आठवते. नदीच्या वळणावर आतल्या काठाला पाणी मंदावतं आणि गाळ बसतो. धमनीतही तसंच होत असेल. जागेपुरती ही तुलना बरी जुळते, कारणापुरती मात्र साफ फसते. नदीचा काठ निर्जीव असतो. धमनीचा काठ जिवंत पेशींचा आहे, आणि चरबी त्यावर बसत नाही, ती त्याच्या आत शिरते. तिला आत येऊ द्यायचं की नाही, यात त्या पेशींचा मोठा हात असतो.

हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच पातळ थर. रक्त त्यावर दोन प्रकारे जोर लावतं. एक म्हणजे बाहेर ढकलणारा दाब, जो आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो. १२० म्हणजे साधारण १६,००० पास्कल. दुसरा, वाहताना पृष्ठभागाला घासत जाणारा जोर, म्हणजे शिअर स्ट्रेस. मोठ्या धमन्यांत तो जेमतेम १ ते ७ पास्कल असतो. हजारो पटींनी दुबळा, पण अस्तर त्याची बारीक दखल घेतं. पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची झालर असते, पेशी एकमेकींना जिथे चिकटतात तिथली प्रथिनं ताण ओळखतात, आणि पिझो-१ नावाची दारं ताण पडला की उघडून कॅल्शियम आत सोडतात. पिझो प्रथिनं २०१० साली आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडली. स्पर्शाच्या संवेदनेवरच्या कामासाठी २०२१च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्रवाह एका दिशेने, नेमाने वाहत असेल तर पेशी लांबट होऊन त्याच दिशेला ओळीने लागतात. काचेवर वाढवलेल्या पेशींवरून द्रव वाहता ठेवला तरी साधारण दिवसभरात हे दिसतं. अशा पेशींत केएलएफ-२ हे जनुक जागं होतं, दाह शमतो आणि धमनीला सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड तयार होत राहतं. फाट्याजवळ मात्र रक्त दर ठोक्याला पुढे-मागे हेलकावतं. तिथल्या पेशी वेड्यावाकड्या राहतात, जास्त वेळा विभागतात, त्यांच्या सांध्यांतून गळती होते आणि पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू त्या बाहेर काढतात. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त असेल तर ते आत जायला हीच वाट सोपी. थोडक्यात, रस्सा सुटलेला नाही. त्याला साथीदार आहे, एवढंच.

नायट्रिक ऑक्साइडची गोष्ट मला यात सगळ्यात आवडते. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. ॲसिटिलकोलीन हे रसायन दिलं की पट्टी कधी सैलावायची, कधी आवळायची. हाताळताना आतलं अस्तर खरवडलं गेलं असेल तर ती सैल पडत नाही, हे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलं. अस्तरातून निघणारा तो संदेश पुढे नायट्रिक ऑक्साइड वायू ठरला आणि १९९८चं नोबेल त्यांना, लुईस इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

प्रवाह ओळखून धमनी सैल करण्याचा अस्तराचा हा गुण तपासताही येतो. हातावर पट्टा ५ मिनिटं घट्ट आवळून सोडतात. रक्त जोराने धावतं, अस्तर ते ओळखतं आणि दंडातली धमनी रुंदावते. किती, ते सोनोग्राफीवर मोजतात. धूम्रपान करणाऱ्यांत ती कमी रुंदावते, लक्षणं नसली तरी. व्यायामातही प्रवाह असाच वाढतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं, दमछाक होताना २० लिटर आणि त्याहून जास्त. तालमीत बैठका मारणाऱ्या पोराच्या मांडीच्या धमन्यांना रोज हा जोर मिळतो. रंकाळ्याभोवती झपझप चालणाऱ्यालाही मिळतो, कमी प्रमाणात.

डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी शिरेला जोडतात, त्या फिस्टुलात हे सगळं कातडीखाली बघायला मिळतं. १९६६ पासून ही पद्धत रूढ झाली. शिरेत एकदम धमनीचा प्रवाह येतो, तिचं अस्तर घर्षण वाढल्याचं ओळखतं, आणि काही आठवड्यांत ती फुगून जाड होते; बोट ठेवलं की थरथर लागते. पण जोडाच्या आसपास प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि बरेचदा तिथेच शीर पुन्हा अरुंद होते. म्हणून जोड कोणत्या कोनात द्यावा याचं गणित मांडायला सर्जनच्या जोडीला आता द्रवगतिकीचे इंजिनिअरही बसतात.