चादरही सोसवेना तेव्हा

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळतोच. गुहागरजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीचा असाच श्रावणात मुरगळला. एक्स-रेत काही नाही, सूजही उतरली. पण दिवाळी आली तरी पावलावर चादर सोसवेना. पाऊल गार, जांभळट. मोजा दिसला की डोळ्यांत पाणी. कुणी म्हणालं, शाळा चुकवायची नाटकं. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. नारळ ठेवून गाऱ्हाणंही घालून झालं. त्याने घरच्यांना धीर आला असेल, पण मोलाचे तीन महिने गेले.

या दुखण्याला 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' म्हणतात. मुलांमध्ये ते बहुधा दहा-बारा वर्षांच्या पुढे, मुलींमध्ये जास्त आणि हातापेक्षा पायात अधिक दिसतं. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात आणि सकाळी पोर अंगणात हुंदडतं, ते 'वाढीचं दुखणं' वेगळं.

दुखापत बरी झाली, मग दुखतं काय? उत्तराचा मोठा भाग मज्जारज्जूत आहे. तिथे वेदनेचा निरोप एका चेतापेशीकडून दुसरीकडे जातो. घेणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचे ग्राही असतात, म्हणजे आयनांची, विद्युतभारित कणांची, दारंच. एरवी त्या दारात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. साध्या ठेचेने तो हलत नाही. पण निरोपांचा मारा थांबलाच नाही, तर पेशीच्या आतला ऋणभार घटतो, धनभारित मॅग्नेशियमला धरून ठेवणारी ओढ सैल पडते आणि बूच निघतं. कॅल्शियम आत शिरतं, विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, जागं करतं. ग्राही अधिक संवेदनशील होतात, नवेही पृष्ठभागावर येतात. आता तोच निरोप मोठ्याने ऐकू येतो. एवढंच नव्हे, स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड ए-बीटा तंतूंचा निरोपही वेदना म्हणून पोचू लागतो. चादर विस्तवासारखी लागते ती यामुळे. मज्जारज्जूचं हे हळवेपण चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्रयोगांतून दाखवलं. यावरून मॅग्नेशियमच्या गोळ्या विकणारे निघतील. त्यांच्या नादी लागू नये.

पाय जपून ठेवणं हा यावरचा सर्वांत वाईट उपाय. हालचाल आणि साधा स्पर्श बंद झाला की मज्जासंस्थेला पुन्हा शिकायला काही उरतच नाही. भाचीच्या फिजिओथेरपिस्टने आधी पावलावर कापूस फिरवायला सांगितला, मग पंचा, मग परातीतल्या तांदळात पाऊल. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत, तेही रडत. शाळा मात्र बुडवायची नाही. शिमग्याला ती पालखीमागे अनवाणी चालली. थंडीत पाऊल अजून जरा गार पडतं.

ताप, वजन घटणं, सकाळी सांधा आखडणं किंवा सुजणं, एकाच जागी रोज रात्री दुखणं यांपैकी काही असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा.