काचबिंदूच्या संशोधनातला ‘२१’

तालुक्याच्या नेत्रशिबिरातल्या चिठ्ठीवर डोळ्याचे प्रेशर १८ लिहिलेले असले की पुढे ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो आणि माणूस मोतीबिंदूच्या रांगेत सरकतो. त्या शेऱ्याला आधार २१ या आकड्याचा: प्रेशर त्याच्या आत असले की ठीक, असे धरले जाते. काचबिंदूने, म्हणजे डोळ्याची नस खराब होऊन, जाणारी नजर कशी रोखायची यावर गेल्या तीसेक वर्षांत जे संशोधन झाले, त्यातला मोठा वाटा या आकड्याची पकड सोडवण्यात गेला आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५७ मध्ये आयरिसचा (डोळ्यातल्या रंगीत पडद्याचा) तुकडा कापून प्रेशर उतरवण्याची शस्त्रक्रिया आली, १८७० च्या दशकात पायलोकार्पिनचे थेंब, १९६८ मध्ये ट्रॅबेक्युलेक्टमी (डोळ्यातल्या पाण्याला बाहेर वाट करून देणारी शस्त्रक्रिया), १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलोलच्या थेंबांना मंजुरी. प्रेशर उतरते हे प्रत्येक वेळी दिसत होते. त्यामुळे नजर टिकते का, याचा पक्का पुरावा मात्र नव्वदीच्या दशकापर्यंत कोणाकडेच नव्हता.

२१ आला तो १९५८ मध्ये, जर्मनीत सुमारे १०,००० लोकांच्या तपासणीतून. सरासरी निघाली १५.५ मिमी पारा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) सुमारे २.६. सरासरीत विचलनाची दुप्पट मिळवली की २०.७ येतात, त्याचे झाले २१. ही गर्दीची रेघ आहे. कोणाच्या डोळ्याची नस किती दाब सोसेल, याचा तिच्याशी संबंध नाही. २१ च्या वर असूनही आजार नसलेले लोक भरपूर आहेत आणि २१ च्या खाली राहून नजर गमावणारेही काही थोडे नाहीत.

आपल्याकडचे आकडेही आहेत. नागपूरजवळच्या ८ खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,७११ लोकांची तपासणी झाली, तेव्हा सरासरी प्रेशर १३.६ आले, विचलन ३.४. तीच बेरीज करून पाहिली तर २०.४. म्हणजे वरवर पाहता २१ इथेही चालून जावा. अडते ते कॉर्नियापाशी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापाशी. या खेड्यांत कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. यंत्र कॉर्निया दाबून सपाट करते; तो पातळ असला की कमी जोरात सपाट होतो आणि यंत्र प्रेशर कमी दाखवते. २००२ मध्ये अमेरिकेत वाढलेल्या प्रेशरवर जी मोठी चाचणी झाली, तिच्यातल्या लोकांची सरासरी जाडी ५७३ होती. ५९ मायक्रॉनचा फरक. दर १० मायक्रॉनला इतके मिमी मिळवा असे तक्ते फिरतात, पण एकावरही एकमत नाही. तक्ता लावून १७ चे २० करण्यापेक्षा जाडी कागदावर लिहावी आणि डिस्क (डोळ्याच्या मागे दिसणारे नसेचे टोक) पाहावी, हे बरे.

शिऑट्झ, म्हणजे वजनाखाली दट्ट्या डोळ्यात किती रुततो यावरून प्रेशर मोजणारे यंत्र, वापरात असेल तर चूक आणखी वेगळ्या वाटेने शिरते. ५.५ ग्रॅम वजनावर काटा ३ किंवा खाली राहिला तर ७.५ किंवा १० ग्रॅम लावून पुन्हा मोजायचे असते. घाईत ते राहून जाते. दट्ट्यात अश्रू वाळून तो अडकला की डोळ्यात रुतत नाही आणि प्रेशर खोटे चढते. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात भिंत सैल असते, दट्ट्या जास्त रुततो, प्रेशर खोटे उतरते. दर वेळी ठोकळ्यावर शून्य तपासणे आणि दट्ट्या काढून पुसणे याला दोन मिनिटे लागतात.

‘नॉर्मल प्रेशर’च्या काचबिंदूवरची चाचणी १९९८ मध्ये छापून आली आणि तिच्यावर वाद झाला. एका गटाचे प्रेशर ३० टक्क्यांनी उतरवले, दुसऱ्याला उपचार दिले नाहीत. एका अहवालात उपचार न केलेल्या ७९ डोळ्यांपैकी ३५ टक्के बिघडले, उपचार केलेल्या ६१ पैकी १२ टक्के. दुसऱ्या अहवालात गट पडले त्या दिवसापासून सगळ्यांना मोजले, तर फरक दिसेना. उपचार झालेल्यांना, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, मोतीबिंदू जास्त झाले होते आणि मोतीबिंदूने फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) खराब येते. तसे डोळे बाजूला काढले तेव्हा फायदा दिसला. निकाल पाहून केलेली ही वजाबाकी, असे टीकाकार म्हणाले. आक्षेप नियमाला धरून आहे, पण प्रश्न नसेचा होता, भिंगाचा नव्हता. आपल्या ओपीडीत दोन्ही आजार एकाच डोळ्यात सर्रास भेटतात, तेव्हा हा गुंता रोजचाच.

पुढचा पुरावा जास्त सरळ आहे. स्वीडनमधल्या २५५ रुग्णांच्या चाचणीत (२००२) उपचाराविना ६२ टक्के बिघडले, उपचाराने ४५ टक्के. प्रेशर १ मिमी जरी उतरले तरी धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, हा हिशेब तिथला. ब्रिटनमध्ये ५१६ लोकांवर लॅटानोप्रोस्ट (प्रेशर उतरवणारे थेंब) विरुद्ध प्लासिबो (बिनऔषधाचे थेंब) अशी चाचणी झाली (२०१५): २४ महिन्यांत फील्ड बिघडलेले १५.२ टक्के विरुद्ध २५.६. इतक्या कमी काळात फरक दिसला, कारण फील्ड वारंवार आणि सुरुवातीला-शेवटी जोडीने घेतली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने येऊन वर्षातून एकदा फील्ड देणाऱ्या माणसात एवढा वेग ओळखता येत नाही. त्यात पहिली फील्ड बटण कधी दाबायचे ते समजण्यातच जाते. ती आधार धरू नये.

बाटलीचाही प्रश्न आहे. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायची असते, उघडल्यावर २५ अंशांच्या आत ६ आठवडे. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की टिनाखालच्या कोनाड्यात हे जमणार कसे? म्हणून थेंबांऐवजी लेसरने प्रेशर उतरवण्याची २०१९ ची चाचणी आपल्यासाठी अधिक मोलाची वाटते. तिच्यात ७१८ रुग्ण होते. लेसर घेतलेल्यांपैकी ७४ टक्के तीन वर्षांनी थेंबांशिवाय ठरलेल्या प्रेशरवर होते. अट एवढीच, की डोळ्याचा कोन (आयरिस आणि कॉर्नियामधली, पाणी निचरण्याची जागा) उघडा हवा. तो गोनिओस्कोपीने (खास भिंगाच्या तपासणीने) आधी पाहावा लागतो. शिवाय असर ओसरतो, प्रेशर मोजत राहावे लागते.

प्रेशरला हात न लावता नस वाचवण्याचे प्रयत्न अजून पोहोचलेले नाहीत. मेमँटिन या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या फसल्या. निकाल २०१८ मध्ये छापले. २०११ मध्ये ब्रिमोनिडिनचे थेंब नजर टिकवण्यात टिमोलोलपेक्षा सरस दिसले, पण ॲलर्जीमुळे त्या गटातले बरेच जण मध्येच गळाले, तेव्हा आकडा सावधपणेच घ्यावा. सध्या बोलबाला निकोटिनामाइडचा (व्हिटॅमिन बी-३ च्या एका प्रकाराचा) आहे. २०२० मध्ये ५७ रुग्णांना आधी दिवसाला १.५ ग्रॅम, मग ३ ग्रॅम असे १२ आठवडे दिले. रेटिनाच्या विद्युत तपासणीत सुधारणा दिसली. नजर जाण्याचा वेग मंदावला, हे त्यातून सिद्ध होत नाही. ३ ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या; साध्या बी-कॉम्प्लेक्समधून हा डोस गाठता येत नाही. औषध दुकानात त्याच्या जागी नियासिन (बी-३ चाच दुसरा प्रकार) हाती पडले तर अंग लाल होऊन भाजल्यासारखे होते. एवढ्या डोसला लिव्हरची तपासणी लागते, आणि गोळी सुरू झाली म्हणून थेंब बंद करायचे नसतात.