पट्टा ताणला जातो तो क्षण

मुंबई विमानतळाच्या कलिना बाजूला खासगी जेट विमानं उभी असतात. जागेची चणचण या शहरात विमानांनाही चुकलेली नाही; मागचं विमान काढायचं तर पुढचं आधी हलवावं लागतं. इंजिन सुरू न करता ही हलवाहलव करतो तो टग, म्हणजे विमान ओढणारी-ढकलणारी छोटी गाडी.

टगचे ढोबळ प्रकार दोन. एकात टग आणि विमान यांच्यामध्ये लोखंडी टो-बार असतो. त्यातल्या शिअर पिना मुद्दाम कमजोर ठेवलेल्या असतात. जोर मर्यादेबाहेर गेला की पिन तुटते, पण विमानाचा पुढचा पाय, म्हणजे पुढच्या चाकाचा खांब, वाचतो. दुसऱ्या प्रकारात टो-बारच नाही. टग विमानाचं पुढचं चाक आपल्या क्रेडलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या खोबणीत घेतो, थोडं उचलतो आणि निघतो. विमानाचं थोडं वजन टगवर आल्यामुळे त्याच्या टायरांची पकड वाढते, म्हणून हा टग स्वतः फार जड असावा लागत नाही. लहान विमानांसाठीच्या अशा काही टगमध्ये चाक आत घेण्याचं काम विंच, म्हणजे मोटरवर चालणारं पट्टा गुंडाळायचं यंत्र, करते. पुढच्या पायाभोवती पट्टा घालायचा, बटण दाबायचं, ड्रमवर पट्टा गुंडाळत जातो आणि चाक छोट्या चढावरून क्रेडलमध्ये येतं. टग आणि विमान यांपैकी ज्याचा ब्रेक सुटलेला, तो दुसऱ्याकडे सरकतो.

काम दोन-अडीच मीटरचं. पण इथे शिअर पिन नाही, आणि गडबड इथेच होते.

आकडेच घेऊ. समजा विमान १० टनांचं आहे. सपाट, कोरड्या काँक्रीटवर ते गडगडत ठेवायला वजनाच्या साधारण दीड टक्का ओढ लागते, म्हणजे १५० किलोच्या आसपास. यात विंचला घाम फुटण्यासारखं काही नाही. आता पट्टा ढिला पडलेला आहे आणि विंच सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने तो गुंडाळते आहे. ढिलाई संपते त्या क्षणी पट्ट्याचं टोक वेगात असतं आणि १० टनांचं विमान जागच्या जागी. मधला फरक पट्टा ताणून भरून काढतो. एका टनाच्या ओढीला ५ सेंटिमीटर ताणला जाणारा पट्टा धरला, तर त्या १५० किलोंवर आणखी सुमारे ९०० किलोंचा झटका पायावर बसतो. वेग ५ सेंटिमीटरवर आणला की हाच झटका सव्वादोनशेच्या घरात येतो. झटका वेगाच्या प्रमाणात वाढतो. मोटर किती ताकदीची आहे हा प्रश्न इथे दुय्यम. म्हणून ‘जास्त पॉवरची विंच बसवा’ हा उपाय मला उलटाच वाटतो.

दुसरी खोच ड्रममध्ये आहे. पट्टा स्वतःवरच गुंडाळला जातो, त्यामुळे दर फेऱ्याला ड्रम जाड होतो. ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमवर ३ मिलिमीटर जाडीचा २ मीटर पट्टा गुंडाळला की त्रिज्या होते जवळपास ५.३ सेंटिमीटर. मोटर त्याच गतीने फिरत राहिली तर पट्ट्याचा वेग पावणेदोन पट होतो आणि मोटरच्या तेवढ्याच पिळातून मिळणारी ओढ त्याच प्रमाणात घटते. चाक चढावर येतं, म्हणजे जेव्हा ओढ जास्त आणि वेग कमी हवा, नेमकं तेव्हाच हे घडतं. साध्या चालू-बंद बटणाच्या विंचमध्ये ऑपरेटर हे अंगठ्याने सांभाळतो: दाब, सोड, दाब, सोड. जुना हात असेल तर छान जमतं. मात्र प्रत्येक ‘सोड’नंतर पट्टा ढिला पडू शकतो आणि प्रत्येक ‘दाब’ नवा झटका देऊ शकतो.

सुधारणेची पहिली पायरी स्वस्त आहे. ड्रमला एन्कोडर लावला की किती फेरे झाले ते कळतं, त्यावरून त्रिज्या निघते, आणि कंट्रोलर मोटरची गती त्या हिशेबाने उतरवत नेतो. ढिला पट्टा गोळा करतानाची गती वेगळी, ओढतानाची वेगळी. पण ढिलाई संपली हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी ताण मोजावा लागतो. मोटर किती करंट घेते यावरून अंदाज बांधता येतो; पण वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) असेल तर घर्षणात इतकी शक्ती जाते, आणि तेही थंड-गरम होण्यानुसार बदलतं, की तो अंदाज फसवा ठरतो. पट्टा ज्या पुलीवरून वळतो तिच्या पिनमध्येच लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, बसवणं बरं. पिन किंचित वाकली की आतल्या स्ट्रेन गेजचा विद्युत रोध बदलतो आणि ताणाचा आकडा थेट मिळतो.

आकडा मिळाला म्हणजे सुटलो असं नाही. विमान आणि ताणलेला पट्टा मिळून झोपाळ्यासारखे हेलकावे घेतात. वरच्या उदाहरणात एका हेलकाव्याला सुमारे १.४ सेकंद लागतात. ताण वाढला म्हणून कंट्रोलरने वेग कमी केला, पण अर्ध्या सेकंदाच्या उशिराने, तर तोवर ताण आपसूक उतरू लागलेला असतो. मग यंत्र नेमकं चुकीच्या वेळी जोर लावतं आणि हेलकावा वाढवतं. सेन्सरचा गोंगाट गाळायला जड फिल्टर लावला की उशीर आणखी वाढतो. त्यामुळे कंट्रोलर चपळ हवा, पण प्रतिसाद सौम्य. वेग हळूहळू चढवणारा रॅम्प असला की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

पुढच्या पायावरचा ताण हा मोठ्या टगचाही प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एअर इंडियाचं दिल्लीहून मुंबईला निघालेलं एअरबस ए३२० टॅक्सीबॉट नावाच्या टगने धावपट्टीच्या दिशेने नेलं होतं. वैमानिक कॉकपिटमधूनच हा टग हाकतो, आणि पुढच्या पायावर येणारा जोर मर्यादेत ठेवण्याची सोय त्याच्या रचनेतच आहे.

मुंबईचा पावसाळा हिशेबात धरायलाच हवा. नायलॉन ओलं झालं की थोडं कमजोर होतं आणि जास्त ताणतं. पॉलिएस्टरला पाण्याचा फारसा फरक पडत नाही. खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात. म्हणून सेन्सरची तार तुटली किंवा आकडा अशक्य आला, तर विंचने थांबायचं आणि स्प्रिंगने लागणारा ब्रेक लागायचा, हा नियम आधी लिहायचा आणि बाकीचं सॉफ्टवेअर नंतर.

आणि मर्यादा कोणती ठेवायची? ती प्रत्येक विमानाची वेगळी, निर्मात्याने ठरवलेली. ऑपरेटरने यादीतून मॉडेल निवडायचं ही सोपी रीत, पण रात्रपाळीत चुकीचं नाव निवडलं जाऊ शकतं. क्रेडलमधल्या सेन्सरने वजन पडताळता येईल, मात्र ते कळतं चाक आत आल्यावर, म्हणजे ओढून झाल्यावर. मी असतो तर विंच प्रत्येक वेळी यादीतल्या सर्वांत नाजूक विमानाच्या मर्यादेनेच सुरू केली असती. तेवढ्यात विमान हललं नाही तर यंत्राने थांबून ब्रेक आणि चाकाखालचे चॉक (अडवणीचे ठोकळे) तपासायला सांगावं, आणि माणसाने होकार दिल्यावरच मर्यादा एक पायरी वर न्यावी.